रत्नप्रभेच्या पावलावरचा कापूर

दर मंगळवारी मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गर्दी मावत नसे. वरच्या मजल्यावरच्या रत्नप्रभेच्या अंगात देवी येते म्हणून शिवदास महाराज तिच्या उघड्या पावलावर कापूर ठेवून पेटवत. ज्योत विझेपर्यंत ती पापणी हलवत नसे.

"देह हिचा, पाय आईचे," महाराज सांगत. "जीभ बघा, लाल, तुळतुळीत. आई बसलीय तिथं." बायका पाया पडत.

मी तळमजल्यावरची डॉक्टर. पाच वर्षांपूर्वी, एक्याऐंशी साली, रत्नप्रभा अमेरिकेत भावाकडे गेली आणि वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन करून आली. एकशेदहा किलोंची बाई साठावर आली. जिन्यात भेटली की मीसुद्धा म्हणायचे, "काय बारीक झालीस गं." पुढे काही विचारलं नाही.

एका मंगळवारी ती भिंत धरून गच्चीवर आली, तेव्हा मला शंका आली. कापूर विझताच मी पुढे झाले.

"डोळे मीट. मी कुठलं बोट धरलंय?"

"धरलंत कुठे अजून?"

तिच्या पायाचा अंगठा माझ्या चिमटीत होता.

"देवीची परीक्षा घेता, डॉक्टरीणबाई?" महाराज म्हणाले.

"देवीची नाही, पायाची." मी पावलावरची काजळी पुसली. खाली फोड होते, दोन चिघळलेले. "चटका बसतोय. तिला कळत नाही, एवढंच."

घरी तिच्या नवऱ्याने, जयवंतने, कपाटातून अमेरिकेतल्या डॉक्टरांचं पत्र काढलं. दर महिन्याला बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन आणि लोहाच्या गोळ्या, जन्मभर.

"सुरुवातीला घेतली ना. बरी होती, म्हणून सोडली," तो म्हणाला. "गेल्या वर्षी पायाला मुंग्या यायला लागल्या. तुमच्याकडेच आणणार होतो. महाराज म्हणाले, देवीच्या अंगाला सुई लावायची नाही."

ऑपरेशनमध्ये जठराचा मोठा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला काढला होता. त्यामुळे बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व अन्नातून अंगी लागत नव्हतं. साठा संपला, तशी जीभ सोलवटली, पायांच्या नसा बधिर झाल्या. हिमोग्लोबिन बारा हवं, तिथं पाच होतं.

इंजेक्शनांनी रक्त भरलं. पायांतली जाणीव परत आली नाही. सहा महिन्यांनी जयवंतने विचारलं, "आता येईल?"

"नाही वाटत," मी म्हणाले. "मुंग्या आल्या तेव्हाच यायला हवं होतं."

महाराजांनी वाकोल्यात बस्तान हलवलं. तिथं आता सोनूबाई नावाची पांढऱ्याफटक ओठांची बाई घुमते. मी जाऊन सांगितलं, रक्त तपासून घ्या. लोकांनी मला रांगेत उभं राहायला सांगितलं.

म्हणून इथं लिहिते. कुणाच्या अंगात देवी आली असं म्हणाल, तर त्या अंगातलं रक्त आधी तपासा. पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरला सांगा, आणि बरं वाटलं तरी औषध सोडू नका. पत्रात होतं, पण रत्नप्रभेला हे इथं कुणी वेळेवर बजावलं नाही. मीही नाही.