टपालताईच्या घरी

सरकारी संशोधन समितीच्या कार्यालयात मी एकोणीस वर्षं बैठकांची टिपणं घेतली. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टपासून सगळ्यात लांबची खोली आमची. आजाराचं नाव क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे कितीही विश्रांती घेतली तरी न हटणारा थकवा. ठिकठिकाणच्या इस्पितळांत त्यावर जे संशोधन चाले, त्याची मोट आमच्या समितीनं बांधायची. नातेवाइकांना हे सांगितलं की कोणीतरी हमखास म्हणे, "मग तो आम्हालाही आहे की." मी हसून विषय बदलायचे.

पहिली तेरा वर्षं समितीच्या प्रमुख होत्या मोठ्या बाई. विषाणूतज्ज्ञ, चणीनं लहान, आवाज मात्र जिन्यापर्यंत पोचणारा. त्यांनी बैठकीच्या खोलीत खिडकीशी चक्क एक पलंग टाकून घेतला होता. "ज्यांच्याविषयी बोलायचं त्यांना बसवत नाही, तर त्यांनी पडून बोलावं," असं त्यांचं म्हणणं. कार्यालयात पलंग मंजूर नव्हता, म्हणून भांडारवाल्यानं त्याची नोंद 'खुर्ची, लांब' अशी केली. ती नोंद वाचून बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

त्या पलंगावर महिन्यातून एका मंगळवारी आमची रुग्ण-प्रतिनिधी येऊन पडायची. ती पूर्वी घरोघर टपाल वाटायची, म्हणून सगळे तिला टपालताई म्हणत. दिवसाला पंधरा किलोमीटर चालणारी बाई. एका तापानंतर जी आडवी झाली ती झालीच. भाऊ तिला गाडीतून आणायचा. दीड तासाच्या बैठकीसाठी ती आधीचे तीन दिवस नुसती पडून राहायची. डोळे मिटून ऐकायची आणि नेमक्या जागी बोलायची.

बाई निवृत्त झाल्या, त्या दिवशी त्यांनी मला कपाटाच्या किल्ल्या दिल्या. मी म्हणाले, "नव्या साहेबांना तुमची पद्धत समजावून सांगते."

"काही सांगू नकोस. त्यांचं त्यांना शिकू दे. तू फक्त टिपणं खरी लिही."

नवे सर हृदयरोगतज्ज्ञ होते. उंच, वक्तशीर, तिन्ही मजले जिन्यानं चढून यायचे. माणूस वाईट नव्हता, पण पहिल्याच बैठकीत म्हणाले, "पडून राहिल्यानं स्नायू गळतात. रोज थोडं थोडं चालणं वाढवलं तर सहा महिन्यांत फरक पडेल. नव्या अभ्यासाची आखणी आपण तशीच करू."

माझं पेन थांबलं. टपालताई उठून बसली.

"सर, आत्ता चालू या का? जिन्यापर्यंत आणि परत, चार फेऱ्या."

"ताई, नको गं," मी म्हणाले.

"तू लिही."

दोघं गेले. दारातून मला दोघांची पाठ दिसत होती. ती चालत होती अगदी टपाल वाटताना चालत असेल तशी, सरळ, हात मोकळे सोडून. चार फेऱ्या झाल्या तरी तिला धाप लागली नाही.

"उत्तम चाललात. मी हेच म्हणतोय," सर म्हणाले.

"हो ना. आता उद्या घरी या."

दुसऱ्या दिवशी सर खरंच निघाले. पत्ता मला माहीत होता, म्हणून मीही बरोबर गेले. भर दुपारी खोलीत जाड पडदे ओढलेले होते. तिला उजेड सोसत नव्हता. भाऊ चमच्यानं तिला पाणी पाजत होता. निम्मं पाणी हनुवटीवरून ओघळत होतं, कारण तिला ओठ मिटायलाही जमत नव्हतं. आम्हाला पाहून तिनं एक बोट हलवलं, तेवढंच. सर शेजारच्या स्टुलावर अर्धा तास बसून राहिले.

निघताना त्यांनी भावाला हळूच विचारलं, "असं किती दिवस?"

"मागच्या वेळी अकरा दिवस गेले होते."

जिन्यात सर कठड्याला धरून उभे राहिले. "हे टिपणात लिहा," म्हणाले.

"काय लिहू?"

"मी चुकलो, असं लिहा. सरकारी भाषेत फिरवू नका."

मी तसंच लिहिलं. चालण्याचा अभ्यास रद्द झाला. त्याऐवजी प्रत्येक रुग्णाला तपासणीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी घरी जाऊन पाहायचं ठरलं, कारण या आजाराचा खरा फटका उशिरा बसतो आणि तोवर रुग्ण डॉक्टरांच्या नजरेआड झालेला असतो. मी मोठ्या बाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिनं फार मोठी किंमत दिली गं. मी असते तर तिला चालू दिलं नसतं. आणि मग हे झालंही नसतं."

सर सहा वर्षं होते. मग आमची समिती दुसऱ्या विभागात गेली, प्रमुखपदी कोणी तिसऱ्याच बाई आल्या, आणि त्याच महिन्यात मीही निवृत्त झाले. घरी जाऊन पाहण्याचा नियम त्यांनी ठेवला आहे, असं कळतं.

टपालताई बरी झाली नाही. मी आठवड्यातून एकदा तिच्याकडे जाते. वीसेक मिनिटं जुन्या बैठकांच्या गोष्टी निघतात, कोण कोणावर कसं चिडलं होतं याच्या, मग ती दमून डोळे मिटते. कधीकधी मी पोचते तेव्हा सर आधीच येऊन स्टुलावर बसलेले असतात.