नगराध्यक्षांचा गुरुवार

राखी गांगुर्डे पिंपळदऱ्याची नगराध्यक्षा होती, पण गावात सगळे तिला ‘वहिनी’च म्हणत. लासलगावपासून अर्ध्या तासावरचं हे गाव नुकतंच नगरपंचायत झालं होतं. अध्यक्षपद महिलेसाठी राखीव निघालं आणि थोरले दीर नवनाथ यांनी तिला उभं केलं. तिचा नवरा हर्षल निवडणुकीच्या आदल्या वर्षी हायवेवरच्या अपघातात गेला होता. प्रचाराच्या बॅनरवर हर्षलचा हसरा चेहरा मोठा, आणि खाली कोपऱ्यात हात जोडून उभी ती. लोकांनी हळहळून मतं दिली. ती निवडून आली, आणि तिच्या केबिनमध्ये तिच्या खुर्चीला लागून नवनाथदादांची खुर्ची आली. ते स्वतः नगरसेवक. बोलायचं त्यांनी, सही करायची हिने.

हे तिचं गावातलं आयुष्य. दुसरं गुरुवारी दुपारी सुरू व्हायचं.

गुरुवारी जिल्ह्याच्या कचेऱ्यांमधली कामं घेऊन ती नाशिकला यायची. कामं उरकली की ड्रायव्हर जयरामला गंगापूर रोडला गाडी थांबवायला सांगायची. “मैत्रिणीकडे जेवते. संध्याकाळी फोन करीन.” गाडी नजरेआड झाली की ती रिक्षा करायची, थेट देवळाली कॅम्प. रिक्षातच डोक्यावरचा पदर खाली यायचा, अंबाडा सुटायचा. कॅम्पात तिला ओळखणारं कुणी नव्हतं. फळवाला तिला नुसतं ‘मॅडम’ म्हणायचा, आणि तेवढ्यानेही तिला हलकं वाटायचं.

बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं एक घर होतं. तोफखान्यातून निवृत्त झालेला मालक मुलाकडे राहायला गेला होता आणि घर त्याच्या पुतण्याच्या ताब्यात होतं. तो पुतण्या म्हणजे सुयश पगारे.

सुयश नाशिकच्या कोर्टात वकिली करायचा. जन्म मात्र पिंपळदऱ्यातल्या भीमनगरचा. ही बौद्ध वस्ती तीन पिढ्यांपासून गावाच्या पूर्वेला होती आणि आता नेमकी तीच जागा नवनाथदादांना कोल्ड स्टोरेजसाठी हवी होती. घरं अतिक्रमणात असल्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा सुयशने नगरपंचायतीविरुद्ध दावा लावला. त्या दाव्यातली पहिली प्रतिवादी होती राखी.

जागेच्या पाहणीला सगळे जमले होते, तेव्हा त्याने तिला विचारलं होतं, “अध्यक्ष मॅडम, तुमचं स्वतःचं मत काय आहे?” उत्तर नवनाथदादांनी दिलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तिच्याकडे वळला. “मी मॅडमना विचारलं.”

तेव्हा ती दादांच्या मागोमाग गाडीत जाऊन बसली. दोन दिवसांनी तिने त्याला फोन केला. “घरं पाडू नयेत, असं माझं मत आहे,” ती म्हणाली, आणि पुढे काय बोलायचं ते न सुचून तिने फोन ठेवला. त्यानंतर पुष्कळ फोन झाले. मग पहिला गुरुवार आला.

आजही दार लागताच तिने चपला भिरकावल्या. सुयशने तिच्या खांद्यावरची पिन काढून खिडकीत ठेवली. घामाने मानेला चिकटलेले केस बाजूला करून त्याने तिथे ओठ टेकवले.

“खारट,” तो म्हणाला.

“मग सोड.”

“सोडतोय कुठे?”

ती हसली आणि त्याच्या शर्टाची बटणं काढू लागली. हर्षलबरोबर तिचा संसार वाईट नव्हता, पण अंथरुणात तुला काय हवं, असं तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. सुयश विचारायचा. बोटांनी विचारायचा, ओठांनी विचारायचा, आणि तिच्या श्वासातून उत्तर येईपर्यंत थांबायचा. सुरुवातीला तिला लाज वाटे. आता ती सांगायची, “इथे. नाही, अजून हळू.” साडी पलंगाखाली पडली. त्याची पाठ पंख्याच्या वाऱ्याने गार व्हायची आणि तिच्या तळहाताखाली पुन्हा तापायची. ती त्याच्या अंगावर आली. तिचे मोकळे केस त्याच्या चेहऱ्यावर सांडले. त्याचे डोळे मिटायला लागले तेव्हा ती म्हणाली, “माझ्याकडे बघ.” तो बघत राहिला. तिला कुणीतरी असं पुरतं बघावं, हीच तिची सगळ्यात जुनी भूक होती. ती भागली तेव्हा तिने त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं, आणि तरी आवाज व्हायचा तो झालाच.

बऱ्याच वेळाने, त्याच्या दंडावर डोकं ठेवून ती म्हणाली, “सोमवारी सभा आहे. भीमनगरची जागा देण्याचा ठराव ऐनवेळच्या विषयात घुसवणार आहेत.”

तो उठून बसला. “मी कोर्टातून स्थगिती आणेपर्यंत बुलडोझर येईल.”

“माहीत आहे. दोन्ही बाजूंची मतं सारखी आहेत. शेवटी माझ्या मतावर येणार.”

संध्याकाळी जयराम गाडी घेऊन आला. एरवी सारखा बडबडणारा माणूस, पण त्या दिवशी गावापर्यंत एक शब्द बोलला नाही.

कारण दुसऱ्या दिवशी कळलं. नवनाथदादांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि मोबाइल तिच्यापुढे सरकवला. देवळालीच्या गल्लीतलं ते दार. केस मोकळे सोडलेली ती. सुयशचा हात तिच्या कमरेवर. असे बरेच फोटो होते.

“जयराम माझा माणूस हाय, हे इसरलीस तू,” दादा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच तिला जास्त भीती वाटली. “सोमवारी ठरावाच्या बाजूनं हात वर करायचा. केला, तर हे मी पुसून टाकतो. नाय केला, तर गावातल्या प्रत्येक ग्रुपवर जाईल. आणि तो वकील तुला वापरून घेतोय, एवढं बी कळंना व्हय तुला?”

ते गेल्यावर तिने सुयशला फोन लावला. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, “तू मला वापरतोयस का?”

तो लगेच नाही म्हणाला असता, तर तिला पटलं नसतं.

“तू दिलेली माहिती मी दाव्यात वापरली,” तो म्हणाला. “ते खोटं कशाला सांगू? पण आजपासून तू मला एक अक्षर सांगू नकोस. तरी गुरुवारी मी तिथे असेन. आणि तुझं नाव वाचणार असेल तर दावा मी दुसऱ्या वकिलाकडे देतो.”

“माझं नाव वाचवायला तू काही करू नकोस,” ती म्हणाली. “त्याचं काय करायचं ते मी बघते.”

रविवारी सकाळी सासूबाई लंकाबाई ओट्यावर लाल मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या. राखी त्यांच्यासमोर बसली. तिने एक मिरची हातात घेतली आणि ती हातातच ठेवून सगळं सांगितलं. दादा दाखवतील त्याआधी स्वतःच्या तोंडाने सांगायचं, एवढं तिने ठरवलं होतं.

लंकाबाईंचे हात थांबले नाहीत. “आपल्यातला हाय का?”

“नाही. भीमनगरचा आहे. पगाऱ्यांचा सुयश.”

त्यांनी आणखी दोन देठ मोडले. मग त्या म्हणाल्या, “मला नाय आवडलं. आवडलं असं मी म्हननार बी नाय.”

“हो, आई.”

“पण त्या नवन्याला सांग, माझ्या हर्षलचा फोटो बॅनरवरून काढ म्हनावं. मेल्यालं पोर किती दिवस उन्हात टांगून ठिवनार? त्याच्या नावानं मतं मागितली, आता त्याच्याच बायकोची अब्रू इकाया निघाला.” त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मिरचीच्या हाताने डोळे आणखी चुरचुरले. “पानी आन जरा.”

राखीने पाणी आणलं आणि स्वतःच्या हाताने त्यांचे डोळे धुतले.

सोमवारी सभेच्या तासभर आधीच फोटो गावात फिरले. बॅनर काढायचा लंकाबाईंचा निरोप मिळाल्यावर ती हात वर करणार नाही, हे दादांनी ओळखलं असावं. ती सभागृहात शिरली तेव्हा सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये होत्या, त्या एकदम वर झाल्या. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. ती खुर्चीजवळ गेली, पण बसली नाही.

“फोटो सगळ्यांनी पाहिले असतील,” ती म्हणाली. “त्यातली बाई मी आहे. शेजारचा माणूस ॲडव्होकेट सुयश पगारे. आम्ही दोघं एकमेकांचे आहोत. मी कुणाला फसवलेलं नाही, मलाही कुणी फसवलेलं नाही. मला याची लाज वाटत नाही. लपवलं, त्याची वाटते.”

मग नवनाथदादा उठले. आता ती आपल्या बाजूने मत देणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

“हितसंबंध हाय हिचा!” ते ओरडले. “वस्तीच्या वकिलासंगं हिचं... अशा मानसाला या विषयावर मत देता येत नाय. मुख्याधिकारी मॅडम, नियम सांगा!”

मुख्याधिकारी निकिता अहिरे ही नुकतीच बदलून आलेली तरुण अधिकारी. तिने चष्मा सारखा केला. “बरोबर आहे. ज्या सदस्याचा विषयाशी हितसंबंध आहे, त्याने मत द्यायचं नसतं.”

“मान्य,” राखी म्हणाली. “मी मत देणार नाही. आता दादा, तुम्ही सांगा. त्या जागेवर होणाऱ्या कोल्ड स्टोरेजशी तुमचा संबंध काय?”

“काय बी नाय.”

“मग मॅडम, इतिवृत्तात तसं लिहून घ्या. नगरसेवक नवनाथ गांगुर्डे सभागृहात सांगतात की कोल्ड स्टोरेजच्या कंपनीत त्यांचा किंवा घरच्या कुणाचाही वाटा नाही. उद्या हे खोटं निघालं तर?”

“तर सदस्यत्व धोक्यात येईल,” निकिता म्हणाली, आणि पेन उचललं. “लिहू, सर?”

दादांनी त्या पेनाकडे पाहिलं. कंपनी त्यांच्या बायकोच्या नावावर होती, हे सभागृहातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. ते खाली बसले. “नका लिहू,” एवढंच म्हणाले.

“म्हणजे तुम्हीही मत देणार नाही,” राखी म्हणाली.

ठराव मताला टाकला. दादांच्या गटातल्या आशा सोनवणेने नेहमीप्रमाणे दाराकडे पाहिलं. तिथून तिचा नवरा तिला हात वर करायची खूण करत होता. तिने क्षणभर राखीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून दिले. ठराव दोन मतांनी पडला.

राखी तेव्हा खुर्चीत बसली.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. दादांनी तिच्या राजीनाम्यासाठी सह्या गोळा केल्या, पण त्या पुरेशा झाल्या नाहीत. बाजारातल्या काही बाया तिच्याशी बोलेनाशा झाल्या, काही मुद्दाम थांबून बोलायला लागल्या. सुयशने दावा एका सहकाऱ्याकडे सोपवला आणि कोर्टाने घरं पाडायला मनाई केली. राखीने सासरचं घर सोडून गावातच दोन खोल्या भाड्याने घेतल्या. लंकाबाई तिच्याकडे अधूनमधून यायच्या, सुयश असला तर त्याच्याशी एक शब्द न बोलता त्याच्या ताटात भाकरी वाढायच्या.

एका रविवारी दुपारी राखी आणि सुयश जेवायला बसणार, तोच दारात भिमाबाई उभ्या राहिल्या. भीमनगरातल्या त्या सगळ्यात बोलक्या बाई.

“अध्यक्षबाई, नळाला चार दिस झाले पानी नाय. पाइप फुटलाय का काय, कोन बघाया बी येत नाय.”

“या ना, बसा. हे सुयश.”

“त्येला मी लंगोटीपासून वळखते,” भिमाबाई म्हणाल्या आणि दोघांकडे आळीपाळीने बघत बसल्या. “लगीन कवा करताय ते सांगा.”

सुयशने राखीकडे पाहिलं. तोही उत्तराची वाट पाहत होता.

“करणार आहे,” राखी म्हणाली आणि चप्पल पायात सरकवली. “आधी पाइप कुठे फुटलाय ते दाखवा. सुयश, तू जेवून घे.”

“थांबतो मी,” तो म्हणाला, आणि दोन्ही ताटं झाकून ठेवली.