बाबांची मुलाखत

विद्यापीठाच्या कँटीनमध्ये तेव्हा एकच वाद रंगायचा: एआयकडून लिहून घेणं ही चोरी की शहाणपण? लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची लेक शहाणपणवाल्यांची पुढारी. "कॅल्क्युलेटर चालतो, मग हे का नाही?" असं विचारून तिने भल्याभल्यांची बोलती बंद केली होती.

अशात वर्गावरच्या बाईंनी काम दिलं. घरातल्या मोठ्या माणसाशी तासभर बोला, त्याच्या कामाबद्दल त्याच्याच शब्दांत लिहा. हे कळल्यावर बाबांची कोण लगबग! रविवारी आई माहेरी गेलेली; बाबांनी गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि रेकॉर्डिंगमध्ये घरघर नको म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद करून घाम पुसत बसले. आमच्या लेकबाई मैत्रिणींमध्ये रमलेल्या. दुपारी उगवल्या त्या, एआयने दोन मिनिटांत लिहून दिलं, असं सांगतच. बाबा हसले. बरं झालं, माझ्याकडे तरी सांगण्यासारखं काय होतं, म्हणाले आणि पंखा लावून शर्ट बदलायला गेले. लेकीला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले.

उन्हाळा सरायच्या आत बाबा झोपेतच गेले.

भेटायला येणारी माणसं पांगली, घर खायला उठलं. एका संध्याकाळी आई म्हणाली, "ती मुलाखत वाच ना. त्यांचं बोलणं ऐकावंसं वाटतंय गं."

नाही कसं म्हणणार? लेक वाचू लागली. लिफ्टचे दोर, ग्रीसने माखलेले हात, अडकलेल्या माणसांना दिलेला धीर, सगळं कसं छान जुळवलेलं. आई मान डोलावत होती. मग ते वाक्य आलं, बाईंनी वर्गात वाहवा केलेलं: "संसारापायी माझी स्वप्नं अपुरी राहिली."

आईची मान थांबली.

"असं म्हणाले? मला कधी बोलले नाहीत." ती भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे वळली. "मी कोणत्या गोष्टीला नाही म्हणाले होते गं?"

इतक्या वर्षांच्या संसारात आई आपली चूक शोधायला निघाली होती, आणि ती चूक कुठेच नव्हती.

"आई, हे बाबांचं नाही. एकही शब्द त्यांचा नाही. सगळं मशीनने रचलंय."

आईचा जीव भांड्यात पडला. पदराने डोळे पुसून ती लेकीच्या अगदी जवळ सरकली.

"मग खरं काय म्हणाले होते, ते सांग."