ओठाचा उजवा कोपरा

बर्फ पडायला लागला की अर्विडच्या घराचं मागचं दार गोठून बसे. पुढचं उघडे, पण बायकोला, व्हर्नाला, एकटं टाकून बाहेर पडायचं कसं? पक्षाघात झाल्यापासून ती खिडकीजवळच्या खुर्चीत होती. उजवा हात लुळा, ओठाचा उजवा कोपरा ओघळलेला, आणि जन्मभराच्या बडबडीतून एकच शब्द उरलेला : "नाही." भूक लागली तरी नाही, झोप आली तरी नाही. त्या नाहीचे सूर अर्विड ओळखायला शिकला होता.

गुरुवारी शेजारची डोलोरेस येऊन बसायची, तेवढीच त्याची सुटका. चर्चच्या तळघरात चित्रकलेचा वर्ग भरे.

"जा, अंडी काढून ये," डोलोरेस म्हणायची. "कोंबडीपर्यंत कधी पोचणार?"

खरंच, आजवर त्यांनी अंडीच काढली होती. उजेड कुठून येतो, सावली कुठं पडते.

पण डोलोरेस दर हिवाळ्यात बहिणीकडे ॲरिझोनाला जाई. तशी ती गेली आणि गुरुवारही गेला.

"घरी काढा," शिकवणाऱ्या बाई फोनवर म्हणाल्या. "आता चेहरा घ्या. आणि अर्विड, माहीत आहे ते काढू नका. दिसतं ते काढा."

घरात चेहरा एकच होता.

तो व्हर्नासमोर बसला. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापं घेऊ लागला.

"नाही!" व्हर्ना दचकली.

"गोळी घालत नाहीये गं. नाक मोजतोय."

तासाभरानं त्यानं कागद तिच्यासमोर धरला. दोन्ही डोळे सारखे, ओठ सरळ. "बघ, जमली की नाही माझी व्हर्ना?"

ती बराच वेळ बघत राहिली. मग डाव्या हातानं खोडरबर उचललं आणि ओठ पुसून टाकले. कागद फाटेपर्यंत पुसले.

"नाही." हा सूर त्यानं कधी ऐकला नव्हता.

"मग काय काढू?" तो ओरडला. उठून दाराशी गेला. कडीवर हात ठेवून उभा राहिला. जाणार कुठं? परत येऊन बसला.

सूप भरवताना तो चमच्याकडे बघे, तोंड पुसताना रुमालाकडे. त्या कोपऱ्याकडे त्यानं कधी डोळे भरून पाहिलंच नव्हतं.

त्यानं नवा कागद घेतला. डोळ्यापासून ओठापर्यंतचं अंतर उजवीकडे जास्त भरलं. त्याला नजर वळवावीशी वाटली. तिनं वळवली नाही, म्हणून त्यालाही वळवता येईना.

उजेड उतरत आला. नाक बटाट्यासारखं झालं होतं, पण तो कोपरा जिथं होता तिथंच उतरला होता. व्हर्नानं कागदावर डावा हात ठेवला.

"नाही," ती हळूच म्हणाली. त्यानं कागद ओढून पाहिला, तिनं हात उचलला नाही.

बाहेर बर्फ सारणारी गाडी घरघरत गेली आणि सगळा ढीग त्यांच्या फाटकाशी लोटून गेली. आता पुढूनही वाट बंद झाली.

अर्विडनं दिवा लावला, पेन्सिल तासली. "अजून कान राहिलेत. हलू नकोस हं."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. व्हर्नाच्या घशातून खोकल्यासारखा आवाज आला. ती हसत होती. ओठाची डावी बाजू वर गेली, उजवी जिथल्या तिथं राहिली.

"आता हे परत मोजायला लागणार," तो पुटपुटला आणि त्यानं हात ताठ केला.