जुन्या किमतीची पाकिटं

आमचे हे शिंपी. मशीनवर पाय चालायचे तोवर ओठात सिगरेट. बोलून बोलून माझं तोंड दुखलं, डॉक्टरांनी हात टेकले, पण माणूस ढिम्म. मग सरकारने सिगरेटवर असा काही कर वाढवला की हे पाकीट हातात धरून बघतच राहिले. म्हणाले, बास, एवढ्या पैशांत धूर सोडायला मी काय वेडा आहे? आणि खरंच सोडली. सुंठीवाचून खोकला जातो म्हणतात, तो आमच्या घरातून चालला होता. चिडचिड केली, कापड वाकडं कापलं, माझ्यावर खेकसले. मला मेलीला वाटलं, सुटलो एकदाचे.

पण धाकटा दीर होता ना! कोपऱ्यावरचं त्याचं सिगरेट-तंबाखूचं दुकान ह्यांनीच थाटून दिलेलं. कर वाढणार अशी कुणकुण लागली की दुकानदार आधीच माल भरून ठेवतो, तसा ह्यानेही भरला होता. भावाचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना. एका संध्याकाळी आला आणि पिशवीभर पाकिटं मशीनवर ठेवली.

"दादा, तुझ्यासाठी जुन्या किमतीची बाजूला काढलीत."

ह्यांचा चेहरा असा उजळला की मला रडूच आलं. ती पाकिटं संपेपर्यंत सवय पुन्हा हाडीमाशी मुरली, आणि मग नवी किंमतही परवडायला लागली. शेवटी छातीच्या दुखण्यानेच गेले. दिराशी मी अबोला धरला नाही, पण धड बोललेही नाही. त्याचा एकटा जीव, म्हणून डबा तेवढा देत राहिले.

परवा पुन्हा कर वाढला. मी डबा घेऊन गेले तर एक रंगारी काउंटरपाशी कुरकुरत उभा. आता सोडावीच लागणार म्हणत होता. मग हळूच म्हणाला, जुन्या किमतीचं असेल तर बघ की, रोजचं गिऱ्हाईक आहे मी. दिराचा हात काउंटरखाली गेला. तिथे काय असतं ते मला ठाऊक होतं. हात रिकामाच वर आला.

"जुना माल नाही. सोडा आता."

रंगारी पुटपुटत निघून गेला. दीर माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, दादालाही तेव्हा एवढंच सांगायला हवं होतं."

माझा राग काही गेला नाही. तरी मी डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला आणि जेवून घे म्हटलं.