अर्धी वाट

मंगळवारी सकाळी बाबा बाजरीची पेज पीत होते, सोबत चवळीचे गरम वडे. कुमासी शहरातल्या आमच्या घराच्या अंगणात ड्रायव्हर गाडी पुसत होता.

"हा शेवटचाच दौरा," बाबा म्हणाले.

"मागचाही शेवटचाच होता. राष्ट्राध्यक्ष चार बदलले, तुमचे दौरे काही संपेनात."

"परराष्ट्रमंत्री घरी बसला की शेजारी भांडतात, अफिया."

"आणि गेल्यावर भांडत नाहीत?"

"भांडतात. पण आधी पाणी पितात."

ते खरं होतं. दोन देशांची माणसं एकमेकांकडे बघायलाही तयार नसली की बाबा वाटाघाटीत घरची रीत लावत. आधी पाहुण्याला पाणी, मग यजमानाने येण्याचं कारण विचारायचं. तोवर पाहुण्याने अवाक्षर काढायचं नाही.

निघताना ते म्हणाले, "वाट दे, पोरी."

"अर्धी दिली."

आमच्यात निघणारा वाट मागतो, आणि निरोपाला आम्ही अर्धीच वाट देतो. उरलेली घ्यायला माणसाने परत यायचं.

गुरुवारी दुपारी बाबांचे थोरले भाऊ, ओबिरीकाका आले. बरोबर घराण्यातले दोन वडीलधारे. एरवी काका फाटकातूनच ओरडतात, "मंत्र्याच्या घरी जेवण आहे की नुसती भाषणं?" आज ते मुकाट्याने येऊन बसले.

मी पाणी दिलं. तिघेही प्यायले. आता कारण मी विचारायचं होतं. मी पेले पुन्हा भरले. विचारत नाही तोवर त्यांना सांगता येणार नव्हतं, आणि तोवर बाबा तिकडे सभेत बसून कुणाची तरी समजूत घालत होते. काकांनी दुसरा पेलाही संपवला. तिसरा भरताना पाणी त्यांच्या हातावर सांडलं.

"पोटात जागा नाही गं आता," ते म्हणाले. "विचार, पोरी."

"इथे सगळं ठीक आहे," मी रीतीचं वाक्य म्हटलं. "तुमचं येणं कशासाठी?"

"तो गेला. सभेतच. बोलता बोलता टेबलावर मान टेकली. लोकांना वाटलं, विचार करतोय."

त्यानंतर काकांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. बऱ्याच वेळाने ते उठले. बाबांना आणायची व्यवस्था करायची होती.

"वाट दे, अफिया."

दारात, विमानतळावर, फोनवर मी आयुष्यभर अर्धी वाट देत आले होते. मी काकांच्या खांद्यावरून बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"नाही देत," मी म्हणाले. "बाबा, नाही देत वाट. जाऊ नका."