कमी खाणारी डबी

“पाणी घागरभर आणि मोटर पाच एचपीची, असं म्हणून गिऱ्हाइकांना हसायचात ना बाबा? मग हे काय मांडलंय?”

पंपवाले टेबलाखालून बाहेर आले. टेबलावर घरातला जुना कॉम्प्युटर पोट उघडं टाकून घरघरत होता. उभा जन्म त्यांनी लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त केले. गरजेपेक्षा मोठी मोटर दिसली की ते मालकाची बिनपाण्याने करत. आणि लेकीच्या नोकरीचा प्रश्न आल्याबरोबर स्वतःच हत्ती बांधून बसले होते.

लेक एका रुग्णालयाचे फोन घरून घेई. जावई खाणीवर नोकरीला, तिथली इंटरनेटची लाइन बेभरवशाची, म्हणून ती माहेरी राहून काम करत होती. पण इथेही कधी लाइन जाई, कधी वीज. ‘पुन्हा बोलता बोलता गायब झालात, तर ऑफिसात येऊन बसा,’ असं परवा साहेबीण म्हणाली. ऑफिस पार दुसऱ्या शहरात. पंपवाल्यांनी लगोलग दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली. आता दोन्ही लाइनी एका यंत्रात घालायच्या. एक गेली की यंत्राने गुपचूप दुसरी धरायची.

“ताकद असलेली बरी,” ते पुटपुटले.

“त्याला फक्त इकडचं तिकडे करायचंय. वीज गेली की कामासाठी ठेवलेली बॅटरी हाच पिऊन टाकणार. मग मी बोलू कशावर, तुमच्या ताकदीवर?”

“भेटलं बाई कुणीतरी यांना!” आतून आई म्हणाली.

पंपवाल्यांनी हट्टाने हत्तीला बॅटरीवर लावलं. ते हात धुऊन येईपर्यंत बॅटरी आडवी.

मग मात्र जुन्या सामानाच्या दुकानात त्यांच्यातला खरा पंपवाला जागा झाला. तळहाताएवढ्या, बिनपंख्याच्या कॉम्प्युटरची डबी त्यांनी उचलली.

“काका, ही मोठी न्या. उद्या लागेल.”

“उद्याचं वीजबिल तू भरणार? लाइनींना दोन भोकं, घराला एक. चौथं काय कान टोचायला?”

घरी लेक सूचना वाचून सांगे, ते बटणं दाबत. पहिल्याच परीक्षेत वीज गेली. डबी जिवंत, दोन्ही लाइनी मेलेल्या! डबी बॅटरीवर होती, कंपन्यांची यंत्रं मात्र भिंतीतल्या विजेवरच राहिली होती. आई पोट धरून हसली. पंपवाल्यांनी निमूटपणे तीही बॅटरीला जोडली.

पुढच्या आठवड्यात वीज गेली आणि पाठोपाठ एक लाइनही. पंपवाले दाराला कान लावून उभे. आतून लेकीचा आवाज तसाच चालू होता, “हो आजी, मंगळवारी या. उपाशीपोटी या हं.” बोलता बोलताच तिने अंगठा दाखवला.

मग काय! ज्याचा फोन येईल त्याला डबीचं कौतुक. “दोन लाइनी मिळाल्या की झालं, कुठेही चालते!” जावयालाही त्यांनी ते दोनदा ऐकवलं.

काही दिवसांनी लेक कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, “बाबा, खाणीवरही दोन लाइनी मिळतात. दोन्ही लंगड्याच, पण एकदम पडत नाहीत म्हणे.”

पंपवाले बराच वेळ पक्कड पुसत राहिले.

“मग हीच घेऊन जा,” शेवटी ते म्हणाले. “लावलेली, बसलेली आहे. नवी कशाला?”

संध्याकाळी त्यांनी जावयाला फोन लावला.

“तिला कोपऱ्यात कोंडू नका, मोकळी हवा लागते. आवाज करत नाही म्हणून सगळं ठीकच आहे असं समजू नका; अधूनमधून हात लावून बघा, तापलीय का. खाते कमी, पण वेळेवर मिळायला हवं. आणि उगाच धक्का लागू देऊ नका.”

पलीकडून जावयाने विचारलं,

“बाबा, डबीबद्दल सांगताय ना?”

“मग आणखी कुणाबद्दल?” पंपवाले खेकसले. फोन बायकोच्या हातात देऊन ते लेकीच्या बॅगेपाशी बसले आणि मऊ कपड्यांच्या मधोमध डबीपुरती जागा करू लागले.